रॉयच्या रायफलीला लागलेलं कुंकू

शॉमबर्ग,
२६ ऑक्टोबर १९८६

ती. चंद्रशेखरदादा,

बाळचा साष्टांग नमस्कार (पत्रातच, प्रत्यक्षात गुडघा परवानगी देत नाही). वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं असेल आणि निवृत्तीनंतरही तुम्ही रोज सकाळी कुणाला ना कुणाला नियम समजावून सांगत असाल, अशी आशा करतो. आम्ही दोघं ठीक आहोत. ठीक म्हणजे कुणाला ताप नाही.

तुम्ही तीस वर्षं सरकारी कारखान्यात बंदुकांच्या नळ्या तपासल्यात, म्हणून हे तुम्हाला लिहितो. इथल्या मराठी मंडळात सांगितलं तर पुढच्या गणपतीत त्याचं नाटक बसवतील. रॉय डिटमर हा आमच्या प्रयोगशाळेचा प्रमुख. (इथे साहेबाला पहिल्या नावाने हाक मारतात, त्यामुळे आपण त्याच्या बरोबरीचे आहोत असं काही वर्षं वाटत राहतं.) तो डिसेंबरात निवृत्त होतोय आणि त्याची खुर्ची कुणाला द्यायची हे त्यानेच ठरवायचं होतं. मी त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून चौदा वर्षं धातूचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघतोय. ती मलाच मिळणार हे आमच्या कुंडीतल्या तुळशीलाही ठाऊक होतं.

रॉयला नाद एकच, वाइल्डकॅट. हे जनावर नव्हे. कारखान्यात न बनणारं, हौशी माणसाने गॅरेजमध्ये दुसऱ्याच काडतुसाचं पितळी कवच चेपून घडवलेलं काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. कवच मोठं, त्यात दारू ठासून, आणि पुढे गोळी एवढीशी. ती सुटते सेकंदाला चार हजार तीनशे फुटांनी. ऐकायला छान. पण एवढा जाळ दर वेळी त्या बारीक नळीच्या घशातून जायचा, म्हणजे पोलादाचं काय होणार हे तुम्हाला मी काय सांगू! साधी रायफल तीन-चार हजार गोळ्या झेलते, तिथे याची नळी हजारात म्हातारी होते. दोन वर्षं माझे शनिवार त्या नळीत गेले, दादा. मी शाकाहारी माणूस, आयुष्यात झुरळ मारायलाही मालिनीला हाक मारतो, पण रॉयच्या आग्रहाखातर राज्य सरकारचं बंदुकीचं कार्डसुद्धा काढलं (फोटोत मीच फरारी दिसतो). मी मापं घेतली, फोटो काढले. घशाजवळचं पोलाद करपलेल्या पिठल्याच्या तळासारखं भेगाळलं होतं. दारू थोडी कमी कर, वेग दोनशे फुटांनी उतरेल पण नळी दुप्पट टिकेल, आणि दर पाच गोळ्यांनंतर तिला निवू दे, असं मी त्याला एकूण सहा अहवालांत लिहून दिलं. तो म्हणायचा, ‘ग्रेट वर्क, बाल.’ आणि पुढच्या रविवारी पुन्हा ठासून भरायचा.

या महिन्यात एका रविवारी त्यांच्या क्लबची वार्षिक नेमबाजी होती. तीनशे यार्डांवर पाच गोळ्या, ज्याच्या सगळ्यांत जवळजवळ पडतील तो जिंकला. आदल्या शुक्रवारी रॉयने रायफल मापासाठी माझ्याकडे ठेवली. अकराशे चाळीस गोळ्या झाल्या होत्या आणि घसा पार गेला होता. शनिवारी सकाळीच मी त्याला फोन करून सांगितलं की ही नळी आता नेमाची नाही, दुसरी रायफल घे. तो हसला. आता नेमकी त्याच शनिवारी आमच्या घरी खंडेनवमी (इथे सगळे सण सुट्टीच्या वारी येतात). देवापुढे दरवर्षी मांडतो त्या वस्तू मांडल्या होत्या: शिलाई मशीन, माझा कॉलेजातला आकडेमोडीचा स्लाइड रूल, विळी, गाडीची किल्ली. त्यात यंदा रायफल. हळद-कुंकू, अक्षता, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून आणलेली झेंडूची फुलं. रविवारी रायफल घेऊन क्लबात निघण्याआधी मी सगळं पुसलं होतं. नळीच्या तोंडाशी बाहेरच्या अंगाला, एका खाचेत थोडं कुंकू राहिलं.

रॉयच्या पाच गोळ्या कागदावर लग्नातल्या अक्षतांसारख्या पडल्या. तो रायफल तपासू लागला, तोंडाशी बोट फिरवलं, बोट लाल. बारा जण भोवती गोळा झाले. दादा, त्या क्षणी मी काय करावं? मी त्यांना अज्ञातवास सांगायला लागलो! पांडवांनी शस्त्रं शमीच्या झाडावर कशी ठेवली, मग एका वर्षाने ती कशी उतरवली. तिथवर येईपर्यंत अर्धे लोक हॅम्बर्गर आणायला गेले होते. शेवटी जेवणाच्या टेबलावर बटाटेवडे मांडत असलेली मालिनी पुढे आली आणि म्हणाली, ‘रॉय, आय डिड इट. आय ॲम सॉरी.’ रॉयने रायफल उचलून गाडीत ठेवली. वडेही खाल्ले नाहीत.

गेल्या सोमवारी खुर्ची ग्रेगला मिळाली. ग्रेग एकोणतीस वर्षांचा आहे. मायक्रोस्कोपच्या कोणत्या टोकातून बघायचं हे त्याला मी शिकवलंय. माझ्याबद्दल रॉयचं म्हणणं एवढंच की ‘जजमेंट’चा प्रश्न आहे. माझे सहा अहवाल त्याने चाळलेही नसतील, पण चिमूटभर कुंकू मात्र शेवटच्या कणापर्यंत वाचलं. मला संताप येतो, दादा, आणि तो काढायला जागा नाही. ऑफिसात ग्रेगचं अभिनंदन करून आलो. केकही खाल्ला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दिवाळीच्या शुभेच्छा उशिरा पोचतील, तरी ठेवून घ्या.

आपला,
बाळ (वय अठ्ठेचाळीस)

ता. क. – मुख्य काम राहिलंच. नळ्यांच्या तपासणीचा तीस वर्षांचा अनुभव नमूद करून तुम्ही मला एक पत्र पाठवा, की चिमूटभर कुंकवाने नळी झिजत नाही आणि नेमही चुकत नाही. आत गेलंच असेल तर ते पहिल्याच गोळीबरोबर उडून जातं. खाली हुद्द्यासकट सही हवी.

ता. क. २ – हे रॉयला दाखवायचं नाही. मालिनीला दाखवायचंय. क्लबातून परतताना गाडीत मी तिला म्हणालो, तुझ्या एका बोटाने माझी चौदा वर्षं घालवली. तेव्हापासून तिने देवापुढे दिवा लावलेला नाही. दिवाळी आली, घरात रवासुद्धा आणलेला नाही. पत्र इंग्रजीत नको, आणि पाकिटावर नाव तिचंच घाला.

ता. क. ३ – तिने त्या दिवशी फक्त विळी आणि मशीन मांडलं होतं. घरात खरं शस्त्र असताना विळीची पूजा कसली, असं म्हणून रायफल मी आणली, आणि नळीला कुंकूही मीच लावलं. ती शेजारीच निरांजन घेऊन उभी होती. तेव्हा कुंकवाने काही बिघडत नाही एवढंच लिहा, दादा. बोट कुणाचं होतं हे तिला क्लबातही माहीत होतं आणि गाडीतही.