चमच्याकडे लक्ष

४ फेब्रुवारी. सकाळ.
निश्चय : आजपासून एका वेळी एकच काम, आणि त्यात पूर्ण लक्ष. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सरांनी सांगितलं, माणूस चालतो, जेवतो, बोलतो, ऐकतो, पण यातलं काहीच नीट करत नाही. सगळं झोपेत चालू असतं. शंभर टक्के पटलं. आमच्या घरातल्या इतरांबाबत तर फारच.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्याला महिना होऊन गेला. उजवा हात लुळा, जीभ जड. साधं गिळणंसुद्धा नव्याने शिकायचंय. मी तीन आठवडे रजा टाकलीय. घरात एक शिकणारा आणि एक शिकवणारा. योग म्हणतात तो हाच.

त्याच दिवशी. दुपार.
दात घासण्याकडे पूर्ण लक्ष दिलं. दूध उतू गेलं. हिचं म्हणणं, लक्ष दुधाकडे द्यायला सांगितलं होतं. मी म्हणालो, एका वेळी एकच. त्यावर ही ओटा पुसायला लागली. पटलं असावं.

५ फेब्रुवारी
गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई येऊन गेल्या. हनुवटी खाली. अर्धाच चमचा. गिळलं की थांबायचं, पुन्हा एकदा गिळायचं. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो. आणखीही काहीतरी सांगत होत्या, पण तेव्हा मी माझ्या श्वासाकडे लक्ष देत होतो.

७ फेब्रुवारी
भरवण्याचं खातं हिच्याकडून काढून घेतलं. भरवताना हिची टकळी अखंड चालू. शेजारणीचं हरवलेलं पार्सल, बँकेतली रांग, भाजीचे भाव. बाबा ऐकता ऐकता वाटीभर पेज संपवतात खरी, पण ते बेसावध खाणं. पोटात गेलं म्हणजे शिकले असं होत नाही.

मी समोर उभा राहिलो. मनगट स्थिर. संपूर्ण शांतता. पहिले काही घास उत्तम. मग बाबा म्हणाले, "बस." मी ताबडतोब वाटी उचलली. पोट भरल्याचं भान येणं ही पहिली पायरी.

९ फेब्रुवारी
'बस' आता दोन घासांतच येतं. उच्चार मात्र कच्चा. आरशासमोर नेऊन पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रगती जाणवली की असं होतं. वर्कशॉपमध्येही आमचे अकाउंटंट रडले होते.

११ फेब्रुवारी
बाबांचं औषध आणायला गेलो. टाच, तळवा, बोटं, असं एकेक पाऊल जाणीवपूर्वक टाकत. पोहोचलो तर दुकान बंद व्हायला लागलेलं. शटरखालून वाकून औषध घेतलं. वाकणं मात्र बेसावधपणे झालं. कंबर धरलीय.

१३ फेब्रुवारी
वजन घटलंय. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं बाई म्हणाल्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, पेशंटची इच्छाशक्ती कमी पडतेय. बाबांची नोकरी बसवर कंडक्टरची. आयुष्यभर डबा उभ्या उभ्या संपवलेला. जुन्या सवयी जाता जात नाहीत.

ही म्हणाली, मी भरवते पुन्हा. मी म्हणालो, मध्येच शिक्षक बदलला तर विद्यार्थी बिघडतो.

१५ फेब्रुवारी
ताई आली. मी भरवत होतो, ती दारातच बॅग धरून बघत उभी राहिली. बाबा म्हणाले, "बस." मी वाटी उचलली.

"अरे, वाटी कुठे नेतोस?" ताई म्हणाली. "ते तुला बस म्हणतायत. खाली बस."

मी तिला समजावलं की गेला आठवडाभर मी अत्यंत बारकाईने निरीक्षण करतोय. ती बाबांकडे बघत राहिली. बाबांनी डाव्या हाताने पलंगाशेजारच्या खुर्चीवर थापटलं.

बसलो. काय बोलावं सुचेना. शेवटी आमच्या फॅक्टरीतल्या पंपांचं सांगितलं. पंप गळतोय की नाही हे मी नुसतं कान लावून ओळखतो, तपासणी खात्यात माझं तसं नाव आहे. बाबा ऐकत होते. अर्धी वाटी संपली. ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

१६ फेब्रुवारी
बसून भरवण्याची पद्धत माझ्याच प्रयोगातून पुढे आली, हे नमूद करून ठेवतो. अनुभवातून शिकणं म्हणतात ते हेच. आज पूर्ण वाटी. पंपांचं सांगून संपलं, आता कॉम्प्रेसर सुरू केलेत.

१९ फेब्रुवारी
ऑफिसचा फोन आला. पाठवलेला सगळा माल परत आलाय, पंप गळतायत. मी रजेवर असताना तपासणार कोण? फोन स्पीकरवर टाकला. डाव्या हाताने भरवत राहिलो. घास किती, हनुवटी कुठे, ते पाहिलं नाही.

बाबांना जोराचा ठसका लागला. ओठ निळे पडले. ही धावत आली, त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारत राहिली. मी "एक मिनिट" म्हणालो. साहेबांना की बाबांना, सांगता येणार नाही.

२१ फेब्रुवारी
ताप. हॉस्पिटल. अन्न फुप्फुसात गेलंय. नाकातून नळी घातली.

डॉक्टरांनी विचारलं, घरी भरवत कोण होतं? मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. ही म्हणाली, "आम्ही."

रिक्षात दोघंही बाहेर बघत होतो.

२६ फेब्रुवारी
कामावर रुजू. दिवसभर परत आलेल्या मालाचा ढीग. संध्याकाळी हॉस्पिटलात बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. नळी आहे तोवर तोंडाने काही द्यायचं नाही, त्यामुळे मला काम नाही. बाबा छताकडे बघत होते. मीही बघितलं.

२ मार्च
नळी निघाली. ताई बाबांना तिच्या घरी घेऊन गेली. ती दिवसभर घरी असते, तळमजला आहे, सगळं सोयीचं. मी आग्रह धरला नाही. म्हटलं, वातावरण बदललं की मेंदूला चालना मिळते.

गाडीत बसवताना मला बाबांना बरंच काही सांगायचं होतं. सीटबेल्ट नीट लागलाय का, एवढं बघितलं.

निश्चय : रोज त्यांच्या जेवणाच्या वेळी फोन. दर रविवारी भेट. ताईला तसं लिहूनही पाठवलं.

६ मार्च
मीटिंग लांबली. फोन राहिला. पण फोनपेक्षा भेट महत्त्वाची.

९ मार्च
भेट राहिली. साहेबांनी रविवारीही बोलावलं. तसं पाहिलं तर भेटीपेक्षा नियमित फोन जास्त परिणामकारक. ही एकटी जाऊन आली. मी विचारलं, बाबा काय म्हणाले? ही म्हणाली, तुम्हीच विचारा की.

१४ मार्च. दुपार.
फोन केला. जिन्यात गेलो, डोळे मिटले, दुसरं काही नाही, फक्त ऐकायचं. ताई म्हणाली, जेवतायत, थांब, फोन तिथे ठेवते. वाटीवर चमचा वाजला. ताई कुठल्याशा कुत्र्याने कोणाची तरी चप्पल पळवल्याची गंमत सांगत होती. मध्येच बाबा हसले. झटक्यानंतर बाबा हसलेले मी ऐकले नव्हते.

मी म्हणालो, "बाबा."

तिकडे चमचा वाजायचा थांबला. ताई म्हणाली, बोला ना, त्याचा फोन आहे.

मग बाबांचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द. माझ्याशी नाही, ताईशी.

"ठेव गं. त्याला कामं असतात."

आजारपणानंतर माझ्या कानांवर आलेलं पहिलं सलग बोलणं. उच्चार अगदी स्पष्ट. थेरपिस्ट बाईंना हे नक्की कळव, असं मी ताईला बराच वेळ सांगत होतो. फोन केव्हाच बंद झाला होता.