एवढं प्रकरण संपू दे

३ मार्च, सोमवार
आलो एकदाचा ताईकडे राहायला! ताईने मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली. मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, म्हणून ती मला पोपट म्हणते. खोलीत टाळी वाजवून पाहिली, तर भिंतींना आपटून चारदा परत आली. अशा खोलीत वाचलं तर लोकांना वाटेल, हा विहिरीत पडलाय. दुकानातले फोमचे तक्ते आपल्या ऐपतीबाहेरचे. शेजारच्या सुताराने अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला दिला. त्याने काडीचा फरक पडत नाही, हे सांगून सांगून दमलो. शेवटी त्याच्याकडूनच भिंतींवर फळकुटांच्या चौकटी ठोकून घेतल्या.

५ मार्च, बुधवार
चौकटींत भरायला कापूस हवा होता. माळ्यावर आईची गादी होती. शेवटची तीन वर्षं आई माझ्या घरी याच गादीवर पडून होती. ती गेल्यावर ताईने गादी इकडे आणून जपली. भीत भीत विचारलं. ताई म्हणाली, घेऊन टाक, आईला तुझं वाचन फार आवडायचं. मी मान खाली घालून गादी उसवली, कापूस चौकटींत भरला आणि वरून कापड ठोकलं.
दाराच्या फटीत, झरोक्यात चिंध्या कोंबल्या. मोबाइलला खोलीत बंदी. दाराबाहेर लाल दिवा लावला, बटण आत माझ्या हाताशी. दिवा विझेपर्यंत जग बुडालं तरी दार वाजवायचं नाही, असं ताईला बजावलंय. मग टाळी वाजवली. जागच्या जागी विरली! स्वस्तात स्वर्ग.

८ मार्च, शनिवार
वाचण्याआधी मी मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करतो, नंतर खरखर काढायला ती लागते. आजच्या शांततेत टिकटिक आहे. पेल्यावर चमचा आपटल्यासारखी. ताईचं स्वयंपाकघर, दुसरं काय! पण ताई तर बाजारात गेली होती.

९ मार्च, रविवार
पुन्हा तेच. तीन ठोके, जरा थांबून तीन ठोके. आईची वाचा गेल्यावर मीच तिला स्टीलचा पेला नि चमचा दिला होता. असंच बोलवायची.
सगळ्यांना मी सांगितलंय की ती गेली त्या दिवशी मला ठोके ऐकू आले नाहीत. ताईने उलट माझीच समजूत काढली.

११ मार्च
चौकटीला कान लावला. कापसातून येतंय.
ऐकलं होतं मी. लिहितानाही लाज वाटते, पण ऐकलं होतं. म्हटलं, एवढं प्रकरण संपू दे. अकरा पानं राहिली होती. वाचून उठलो, तेव्हा पेला जमिनीवर पडला होता आणि आई—

१२ मार्च
आज ताईला सगळं सांगणार. आधी या चौकटी उतरवतो.

दार उघडत नाही. कापूस फुगलाय, कापड फाडून दारापर्यंत आलाय. ओरडलो. माझी हाक मलाच ऐकू येईना—

लाल दिवा चालूच राहिलाय, बटण कापसाखाली गेलं. दम लागतोय. झरोका मीच बुजवलाय.

हेडफोनमध्ये मात्र सगळं येतंय. ताई दाराबाहेरच आहे. सुताराला हळूच सांगतेय, दिवा चालू आहे, पोपटाचं एवढं प्रकरण संपू दे—

टेबलावर पेला आहे. मी आणला नव्हता. शेजारी चमचा.

तीन ठोके दिले. थांबलो. पुन्हा ती—