ओटीपी काकाले जाते

७ जुलै, रविवार. सकाळ

हे कोणाले सांगता येत नाही, म्हणून वहीत लिहून राहिलो.

होळीले मी एक काम केलं, जे करायले नाही पाहिजे होतं. घरात एक फालतू सिम पडून होतं. ते जुन्या मोबाइलमध्ये टाकून बाजूच्या चंद्रभान काकाले मेसेज ठोकला. 'आपल्या माळ्यावरील तांब्याच्या मालाबाबत आयकर विभागाकडे तक्रार आली आहे. चौकशी सुरू आहे.' डीपीले एका ऑफिसचा फोटो लावला. बाबाले बुटीबोरीले कंपनीत डबा द्यायले गेलो होतो तेव्हा सहज काढलेला. पिवळी भिंत, लोखंडी आलमारी, वर फायलींचा ढीग. एकदम सरकारी.

प्लॅन असा, की काका घाबरतील, संध्याकाळी मी 'बुरा न मानो' म्हणीन, काका दोन शिव्या देतील, काकू पुरणपोळी देईल. पण काकाचं इतवारीत भांड्याचं दुकान. धंदेवाल्या माणसाले टॅक्सचा जोक पचत नाही, यात माझी काय चूक? संध्याकाळी त्यांचं तोंड पाहून माझी हिंमतच नाही झाली.

तो माल काकानं आणि बाबानं मिळून माळ्यावर चढवला होता. म्हणून काकानं सरळ ठरवलं, की चुगली गिरिधरनंच, म्हणजे माझ्या बाबानंच केली. तेव्हापासून बोलणं बंद. बाबाले तर कारणही माहीत नाही. वीस वर्षं दर रविवारी दोघं स्कूटरवर तर्री-पोहे खायले जायचे. आता बाबा रविवारी कूलरची जाळी धुतात. पावसाळा लागला तरी धुऊन राहिले.

संकल्प: काकाले खरं सांगून टाकायचं. फक्त योग्य वेळ यायले पाहिजे.

९ जुलै, मंगळवार

बाबा म्हणे, सदरले गोपाळराव सीएकडे जायचं आहे, रिटर्न भरायले. म्हटलं, काहून? आता घरबसल्या सॉफ्टवेअरवर होते. फुकट. मी करून देतो, गोपाळरावची फी मले द्या.

बाबा म्हणे, रज्या, तू बी.कॉम.ले दोनदा नापास झाला गा.

म्हटलं, म्हणजे अनुभव डबल.

आई हसली. बाबा नाही हसले, पण फॉर्म सोळा काढून दिला. बाबा कंपनीत स्टोअर सांभाळतात, पगाराशिवाय दुसरं काहीच नाही. अर्ध्या तासाचं काम. पुढच्या वर्षी सदरमध्येच ऑफिस टाकतो, गोपाळरावच्या समोर. बोर्डाचा रंगपण ठरवला. निळा.

११ जुलै, गुरुवार. संध्याकाळ

सॉफ्टवेअर लय चांभारचौकश्या करते. विचारते, वर्षात विदेश प्रवासावर दोन लाखांच्या वर खर्च केला का? बाबाले विचारलं. म्हणे, रामटेकले गेलो होतो, पण डबा घरूनच नेला होता. पुढे विचारते, विजेचं बिल वर्षाले लाखाच्या वर आलं का? बाबा गंभीर झाले. म्हणे, दोन कूलर होते, मे महिन्यात तर दिवसभर चालले, बिलं काढून पाहा. आई म्हणे, लाख भरले असते तर मी एसीत नसती का बसली?

'नाही' दाबलं. हिरवी टिक आली. हे काम म्हणजे मोबाइल गेमच आहे. सगळे रकाने भरले. आता फक्त पोर्टलवर लॉगिन करून चढवायचं.

१३ जुलै, शनिवार

पासवर्ड गोपाळरावकडे आहे. आई म्हणे, विचारून घे. म्हटलं, दुश्मनाले कोण विचारते?

'पासवर्ड विसरलात?' दाबलं. स्क्रीनवर आलं: आधारला जोडलेल्या, ४७ आकडे शेवटी असलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. बाबाचा नंबर तर ८२ चा. वाटलं सर्व्हर येडा झाला. परत दाबलं. परत दाबलं.

तीनही वेळा भिंतीपलीकडून 'टुंग' आवाज आला.

आईनं सांगितलं. शाळेत आधारचा कॅम्प लागला तेव्हा बाबाजवळ मोबाइल नव्हता. काका म्हणाले, कायले टेन्शन घेते गा, माझा टाक. अर्ध्या गल्लीनं तोच टाकला. मी म्हटलं, असं कसं कोणाचाही नंबर देऊन टाकला? आई म्हणे, तेव्हा तो 'कोणी' नव्हता रे.

ऑफिसचा बोर्ड थोडा लहान चालेल.

१४ जुलै, रविवार

काकानं आज माळ्यावरचा सगळा माल उतरवला आणि हातठेल्यावर लादून इतवारीले नेला. गल्ली पाहून राहिली होती. समोरच्या इंदुताईनं खिडकीतून विचारलं, काहून हो भाऊ, रविवारचं दुकान? काकानं ठेला पुढं ढकलला. तोंड असं, जसं हंड्यात कोणी बाँब ठेवला.

मग माझी ट्यूब पेटली. काकाले इन्कमटॅक्सचे तीन मेसेज गेले ना काल. खरेखुरे. त्यांना वाटलं, चौकशी पुढं सरकली.

म्हणजे गव्हर्मेंटनंच माझा जोक पुढं चालवला. मी एकटा जबाबदार नाही.

१७ जुलै, बुधवार

बाबाले म्हटलं, आधार सेंटरवर जाऊन नंबर बदलून टाकू. बाबा जाळी पुसत होते. म्हणे, राहू दे.

म्हटलं, काहून?

म्हणे, तो बोलत नाही, हे ठीक आहे. पण मी त्याचा नंबरही काढून टाकला, हे त्याले समजलं तर?

फॅनमुळे डोळ्यात धूळ गेली.

संकल्प: उद्या काकाले सांगतोच.

१८ जुलै, गुरुवार

आज अमावस्येसारखं वाटून राहिलं. नाही सांगितलं.

२० जुलै, शनिवार

जबरदस्त आयडिया. काका कोणताही मेसेज मोठ्यानं वाचतात, ही त्यांची सवय आहे. म्हणजे मी इकडून ओटीपी मागवायचा आणि भिंतीले कान लावून आकडे लिहून घ्यायचे.

मागवला. टुंग. काका सुरू: "पाच... सात... शून्य..." आणि काकूनं मिक्सर लावला. शेंगदाण्याचा कूट. पूर्ण डबाभर.

परत मागवला. या वेळी काका नुसतं म्हणाले, "अरे देवा." आकडे वाचलेच नाहीत.

पोर्टल म्हणे, फार वेळा प्रयत्न झाले, आता उद्या या. आई म्हणे, भिंतीवर काय ऐकून राहिला रे? म्हटलं, ओल चेक करून राहिलो.

२१ जुलै, रविवार

फालतू सिमवर काकाचा मेसेज आला! लिहिलं, 'नमस्कार साहेब. माल दुकानात आणला, बिलं सगळी आहेत. आयुष्यात कधी टॅक्स बुडवला नाही. तुमच्याकडून रोज आकडे येऊन राहिले. मी काय करू? झोप लागत नाही.'

बिलं आहेत! मग माणूस घाबरला कायले? प्रामाणिक माणसानं घाबरायचं नसते. काकाचंच चुकलं.

पण आयडिया आली. साहेब आपलाच, तर ओटीपी पण आपलाच. साहेबाच्या भाषेत लिहिलं, 'आता येणारा ओटीपी तात्काळ आम्हास कळवावा.' आणि ओटीपी मागवला.

काकाचं उत्तर: 'माफ करा साहेब. ओटीपी कोणालेच सांगायचा नाही, असं फोनमधली बाई रोज सांगते. मी बायकोलेही नाही सांगितला. तुम्ही फासावर चढवा.'

सारी जिंदगी ज्या माणसानं आपला नंबर अर्ध्या गल्लीले वाटला, तो नेमका आज शहाणा झाला.

२५ जुलै, गुरुवार

बाबा विचारून राहिले, झालं का रे? म्हटलं, नव्व्याण्णव टक्के. बाबा म्हणे, शेवटची तारीख एकतीस आहे. म्हटलं, मोठी कामं शेवटीच होतात. बाबा म्हणे, सदरले जाऊ का? म्हटलं, माझ्यावर भरोसा नाही का?

बाबानं सदरले न्यायची पिशवी परत खुंटीले टांगली. मग म्हणे, आहे.

असं नाही बोलायले पाहिजे होतं त्यांनी.

२७ जुलै, शनिवार

ठरवलं. साहेब बनूनच भानगड मिटवीन. लिहिलं, 'चौकशी बंद. आपण निर्दोष आहात. आपले मित्र गिरिधर यांनी तक्रार केली नव्हती. आकडे त्यांच्या रिटर्नचे आहेत, आपले नाहीत. उद्या त्यांच्या घरी जाऊन स्वतः द्यावेत.'

पाच मिनिटं काहीच नाही. मग काकाचा मेसेज: 'खरंच गिरिधर नव्हता? मग कोण होतं साहेब?'

इथं थांबायले पाहिजे होतं. पण साहेब माणूस, उत्तर नाही दिलं तर डाउट येते. टाकून दिलं, 'एक महिला होती.'

नाव तर कोणाचंच नाही घेतलं ना.

२८ जुलै, रविवार

काका आले! मोबाइल दोन्ही हातात धरून, जसा प्रसाद. बाबा अंगणात जाळी घेऊन उभे. दोघंही उभेच. काकू आणि आई आपापल्या दारात.

काका म्हणे, गिरिधर, मले माफ कर गा. मले वाटलं, तूच चुगली केली.

बाबा म्हणे, कायची चुगली?

काकानं होळीचा मेसेज दाखवला. बाबानं चष्मा लावून वाचला. मग डीपी उघडला. दोन बोटांनी मोठा केला. अजून मोठा केला. माझ्याकडं पाहिलं. मग काकाले मोबाइल वापस दिला आणि म्हणे, बह्याडा, चार महिने यासाठी नाही बोलला? मले येऊन एक ठेवून द्यायची होती ना कानाखाली!

काका म्हणे, द्यायची होती, पण तू दिसला का रडायलेच यायचं.

मग मी घाईघाईनं ओटीपी मागवला. काकानं आकडे इतक्या मोठ्यानं वाचले, की गल्लीत कोणीही बाबाचा पासवर्ड बदलून घेतला असता. लॉगिन झालं. रिटर्न चढलं. व्हेरिफायचा दुसरा ओटीपीही काकानंच वाचला. हिरवी टिक. काकानं टाळ्या वाजवल्या.

दोघं स्कूटरवर पोहे खायले गेले. मले कोणी चल नाही म्हटलं. जाळी अंगणातच पडून होती. मी धुतली.

सगळं जमलं. मी नसतो तर यांचं कसं झालं असतं?

३१ जुलै, बुधवार. दुपार

नाही जमलं.

बाबानं गल्लीत सांगितलं, आमचा रजत घरीच रिटर्न भरून देते, फुकट. फुकट! आज शेवटचा दिवस, म्हणून इंदुताई पेन्शनचे कागद घेऊन हजर. म्हणे, माझा सीए गावाले गेला, पासवर्डही त्याच्याचजवळ राहिला, तू हुशार आहे म्हणतात, करून दे रे बाबू. आणि बसल्या बसल्या डोळ्याले पदर लावला. म्हणे, चंद्रभान भाऊ रविवारपासून बोलत नाहीत रे. मी नमस्कार केला तर तोंड फिरवलं. वहिनी म्हणे, माळ्यावरून भानगड आहे. लोणच्याची बरणी घ्यायले मी त्यांच्या माळ्यावर चढली होती, तेवढाच काय तो माझा गुन्हा.

माळ्यावर चढलेली एकच महिला.

'पासवर्ड विसरलात?' दाबलं. आलं: ४७ आकडे शेवटी असलेल्या मोबाइलवर.

भिंतीपलीकडं टुंग. इंदुताईले आमच्याकडं येताना काकानं पाहिलं असणार. त्यांचा आवाज, "आता या बाईचं काय आहे?" आणि खिडकी धाडकन बंद.

बाबाची आज सुटी. पेपर तोंडासमोर. पेपरच्या मागूनच म्हणे, साहेबाले लाव ना फोन. आमच्या स्टोअरमध्येच बसते तो. माझ्या आलमारीच्या बाजूले.

इंदुताई म्हणे, कोणता साहेब?

बाबा म्हणे, आहे एक. येत्या रविवारी पोह्याच्या गाडीवर येऊन चंद्रभानले सगळं खरं सांगणार आहे. तुमच्या समोर. तो नाही आला, तर मी सांगीन.

पाणी पितो म्हणून आत आलो आणि हे लिहून राहिलो. बाहेर इंदुताई थांबून आहे, काकाची खिडकी बंद आहे, आणि मले गोपाळरावची लय आठवण येऊन राहिली.

वही, तुझ्या पाया पडतो. रविवारपर्यंत तरी कोणाले सांगू नको. आईले तर बिलकुल नको. ती परवाच म्हणत होती, ज्यानं हे केलं तो माह्या हाती सापडला पाहिजे.