‘शिओरी’चा पहिला गेम

१ एप्रिल
आजपासून मी ‘शिओरी’चा प्रमुख. शिओरी म्हणजे पुस्तकात ठेवायची खूण. नाव मीच सुचवलं. कंपनीचं हे नवं लेबल फक्त कथाप्रधान व्हिडिओ गेम काढणार. मारामारीच्या गेमवाले हसले. हसू देत. लेखिका कुरामोचीबाईंनी पहिल्या गेमची संहिता टेबलावर ठेवली. केवढी जाड! शेवट दोन लिहिलेत, एक तुम्ही निवडा, म्हणाल्या. आजच वाचतो म्हटलं.

३ एप्रिल
वाचन नाही. झाडांचे पराग उडतायत, मला त्यांचं वावडं. डोळ्यांतून धारा.

२० एप्रिल
आधी लोगो. खुणेची दोरी लाल की निळी? कागद सगळ्या विभागांतून शिक्के घेत फिरला. निळी. मोठं काम झालं.

६ मे
सुट्टीत संहिता सासुरवाडीला नेली. सासऱ्यांनी दुपारी उशाला घेतली. मोठ्या माणसाच्या डोक्याखालून कशी ओढणार?

२ जून
संचालक निशिवाकींना योजना सांगितली. दरमहा एक गेम! त्यांनी दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली, म्हणाले, अवघड आहे जरा. इतरांना असं म्हणतात तेव्हा तो नकार असतो. माझ्या बाबतीत ते भारावले होते.

३० जून
कुरामोचीबाई पुन्हा आल्या. हाताकेयामासाहेब, शेवट ठरल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही, सप्टेंबरचं गेमचं प्रदर्शन तोंडावर आलंय, म्हणाल्या. दोन्ही शेवट तोडीस तोड आहेत, असं सांगितलं. त्यावर, कोणते दोन ते सांगता का, म्हणे. बाई जरा फटकळच.

३० सप्टेंबर
गेम प्रदर्शनाला पोचला नाही. लेबल बंद. निशिवाकी म्हणाले, खूप कष्ट घेतलेत. निरोपाच्या पुठ्ठ्यावर सगळ्यांनी चार चार शब्द लिहून दिले. कुरामोचीबाईंनी लिहिलंय, अकरा पानं वाचल्याबद्दल आभारी आहे. संहिता परत नेताना त्यांनी खूण बघितली असणार. घरी येताना फार वाईट वाटलं. लोगो खरंच छान होता.

८ मार्च, रविवार
मी आता मोबाइलवरच्या माजोंगच्या, म्हणजे सोंगट्यांच्या खेळाच्या, विभागात. काम बेताचं. खिडकीजवळची जागा मिळालीय, ऊन छान येतं.

कुरामोचीबाईंचा गेम दुसऱ्या कंपनीनं काढला. आज लेक सानाएबरोबर खेळलो. बंद होणारं दीपगृह, समुद्रावर गेलेल्या भावाची वाट पाहणारी राखणदारीण. मी ढसाढसा रडलो. बायको म्हणाली, अहो, हे सहा महिने तुमच्या टेबलावर पडून होतं? मी चहा मागितला.

शेवटी पडद्यावर प्रश्न आला. दिवा विझवायचा की तेवत ठेवायचा? तुम्ही निवडा. सानाएनं कंट्रोलर माझ्या हातात दिला.

डोळे चुरचुरतायत. पराग सुरू झालेत. उद्या नक्की निवडतो.