क्लीऑनला दाखवायची बाजू

अ‍ॅक्रन, ओहायो
६ ऑक्टोबर १९७१

ती. अर्लीनताईस,
थर्मनचा सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. मक्याचा पाव वाटेतच वाळला होता, तरी आईसारखा ताकात कुस्करून खाल्ला.

पेपरात माझं नाव का नसतं, विचारतेस. अगं, या फुटबॉलमध्ये चेंडू काखेत मारून पळतो तो क्लीऑन. मी त्याच्या पुढे धावून त्याच्या अंगावर येणाऱ्यांना आडवा होतो. आडवं होणाऱ्याचं नाव कोण छापणार?

पण एक गोष्ट मनाला खाते आहे. ऑगस्टमध्ये क्लीऑनच्या डोक्याला मार बसला, तेव्हापासून कोणत्या बाजूला पळायचं तेच तो विसरतो. चाल सुरू होण्याआधी आम्ही दोघं शेजारी वाकून उभे असतो, तेव्हा मी अंगठ्याने हळूच बाजू दाखवतो. कोचला पत्ता नाही. घरी दोन लेकरं आहेत, पगार बुडेल, कुणाला सांगू नकोस, अशी क्लीऑनने गळ घातली आहे. पुन्हा डोक्याला लागलं तर? पण सांगावं तर सगळे म्हणतील, याचा चेंडूवर डोळा आहे. आणि खरं सांगू, तो आहेच. काय करू?

मुलांना पापे. तुझी माया आहे म्हणून इथे तग धरून आहे.
थर्मन

ग्रीनव्हिल, अलाबामा
१३ ऑक्टोबर

चि. थर्मनला अनेक आशीर्वाद.

आडवं होण्यात तू लहानपणापासूनच तरबेज! कापूस वेचायला हाक मारली की आडवा. त्याचाही पगार मिळतो हे ऐकून देवावरचा विश्वास वाढला.

चुगली करू नकोस, आपल्या घरात ती रीत नाही. पण ही लपवाछपवीही बरी नव्हे. एकदा अंगठा हलवूच नकोस. त्याची चूक कोचला आपोआप दिसेल, ते त्याला घरी बसवतील, माणूस वाचेल. तुझ्या तोंडून शब्दही जायला नको.

जेवत जा. माया आहेच, लवकर पत्र लिही.
अर्लीन

अ‍ॅक्रन
२५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. शनिवारी हात मांडीवर गच्च दाबून ठेवला. तो माझ्याकडे बघत राहिला, मी समोर बघितलं. मी उजवीकडे गेलो, तो डावीकडे, एकटाच. तिकडून दोघे धावून आले. तो पडला तो उठलाच नाही. दवाखान्यात आहे.

मग त्याच्या जागी चेंडू मला मिळाला. मी कधी नव्हे असा पळालो. लोक माझं नाव घेऊन ओरडत होते आणि ताई, मला ते आवडलं. लाज वाटते गं. पेपरात फोटो आलाय, पण कात्रण पाठवत नाही.

रागावली नाहीस तर लिही.
थर्मन

ग्रीनव्हिल
३१ ऑक्टोबर

चि. थर्मनला आशीर्वाद.

कात्रण कुणीतरी इथे आणलंच. आज चर्चमध्ये पाद्रीबाबांनी तुझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसले होते. बायकांना वाटलं, भावाच्या कौतुकाने रडतेय.

सल्ला माझा होता. जन्मात तो खेळ बघितला नाही आणि निघाले तुला शहाणपण शिकवायला! जा, क्लीऑनला सगळं सांग. माझंही नाव घे. जागा गेली तर जाऊ दे, घरी ये. तुझ्यासाठी ताट आहेच.
अर्लीन

अ‍ॅक्रन
८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

काल गेलो. क्लीऑनला त्या दिवसाचं काही आठवत नाही; आपण उलट्या बाजूला पळालो एवढं लोकांकडून ऐकून त्याने मनाशी धरलंय की मी बाजू बरोबर दाखवली आणि तोच चुकला. कोचलाही त्याने तेच सांगितलंय. मी सगळं कबूल केलं. त्याने आधी शिव्या घातल्या, मग रडला. शेवटी हात धरून म्हणाला, जा लेका, नीट खेळ. मला वाटलं, सुटलो.

आज पुन्हा गेलो. मला बघून तो हसला आणि बायकोला म्हणाला, व्हर्नेटा, हा बघ थर्मन, यानं बिचाऱ्यानं बाजू दाखवली होती, मीच गाढव. मी तोंड उघडणार, तोच व्हर्नेटाने त्याच्यामागून नको म्हणून मान हलवली. बाहेर येऊन ती मला म्हणाली, कालचं त्याला काही आठवत नाही. तू गेल्यावर मात्र तो रडत राहिला, का ते त्यालाच सांगता येईना. तुला हलकं वाटावं म्हणून रोज त्याला हे नव्याने ऐकवणार आहेस का?

उद्या जाईन. तो आभार मानेल, आणि मी ते घेईन.

आशीर्वाद नको, नुसती माया ठेव.
थर्मन