डॉक्टरांची चाल

प्रिय दादा,

फोनच करणार होते, पण तू दोन वाक्यांत माझी खिल्ली उडवून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय. हसू नकोस.

आमच्या फिल्मचं तुला माहीतच आहे. जुन्या काळातले ते डॉक्टर, रोगी दारातून आत येताना बघूनच कंपवात ओळखणारे. त्यांचा ना फोटो, ना पुतळा. अशा वेळी आम्ही चित्रं काढूनच इतिहास हलता करतो. चेहरा कल्पनेतला चालतो, चालणं मात्र खऱ्या माणसाचं लागतं, नाहीतर बाहुली तरंगतेय असं वाटतं. म्हणून तर तुला वहिनीचा लांब कोट घालून शाळेच्या व्हरांड्यात चालायला लावलं. जन्मभर पोरांना कवायत शिकवणारा माणूस, याच्याहून ताठ चाल आणायची कुठून? व्हिडिओ काढताना वहिनी इतकी हसत होती की कॅमेरा हलत होता. त्यावरून मी एकेक चित्र काढलं, एक रेघ इकडची तिकडे केली नाही. ऑफिसात किती मिरवलं मी ते!

काल मेंदूविकाराच्या तज्ज्ञ बाई फिल्म तपासायला आल्या. रोग्यांची दृश्यं त्यांनी पटापट पास केली. मग डॉक्टर व्हरांड्यातून चालत आले आणि बाई म्हणाल्या, इथे अदलाबदल झालीय, रोग्याची चाल डॉक्टरांना दिलीत. मी खवळलेच. म्हटलं, हा माझा सख्खा भाऊ आहे, चांगला ठणठणीत आहे! त्यांनी मूळ व्हिडिओ मागितला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. डावा हात झुलतोय, उजवा मांडीला चिकटलेला. उजवा पाय किंचित घासत येतोय. दादा, तो हात मी शेकडो वेळा काढलाय रे! काढला, आणि मला दिसला नाही.

मी म्हटलं, पण त्याचा हात थरथरत नाही. त्या म्हणाल्या, थरथर मागाहूनही येते, आधी अंग आखडतं, अक्षर बारीक होतं. मग एकेक आठवायलाच लागलं. खांदा धरलाय म्हणून तू कधीचा तेल चोळतोयस. एकाच बुटाचा तळ झिजतो म्हणून बूटवाल्याशी भांडलास. वाढदिवसाच्या कार्डावर तुझं अक्षर इतकं बारीक, की मी विचारलं, शाई वाचवतोस का? चेष्टा केली मी तुझी.

नुसत्या व्हिडिओवरून काही ठरत नाही, खरंच खांदाही असेल, असंही बाई म्हणाल्या. असू दे रे देवा, खांदाच असू दे! पण त्यांनी सोमवारी तुला तपासायला बोलावलंय, आणि मी हो म्हणून बसलेय. औषधं आहेत, लवकर कळलेलं बरं, म्हणाल्या. शाळेच्या स्पर्धांचं कारण सांगशील, तर वहिनीला मीच सगळं सांगेन. दिग्दर्शकांनी सांगितलं म्हणून पडद्यावरच्या डॉक्टरांचा उजवा हात मी आज दुरुस्त केला. आता तो मस्त झुलतो. करताना रडू आवरेना. शनिवारी तुला न्यायला येतेय. स्टेशनवर मात्र वहिनीला पाठव. तुला लांबून माझ्याकडे चालत येताना बघायची माझी अजून हिंमत नाही.

तुझीच,
ढमी