धाकटीच्या वाट्याला

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, पुस्तकबांधणी करणाऱ्याची विधवा. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे, तरी पुतण्याला शंका असेलच. हे मृत्युपत्र मला कोणी भरीला घालून लिहवून घेतलेले नाही. मला भरीला घालणारे एकच होते, ते अकरा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या खुर्चीवर मी अजून कागद ठेवत नाही.

१. दुकानातले दाबयंत्र, दाभणे, घडीच्या पट्ट्या आणि सगळा दोरा आमच्या कारागीर बाईला द्यावा. बँकेतली ठेवही तिच्याकडे द्यावी, तिने त्यातून माझ्या धाकट्या बहिणीची औषधे आणावीत.

२. पुतण्याला त्याच्या काकांचे मनगटी घड्याळ. ते चालत नाही. दोघांचे जमेल.

३. दुकानावरच्या दोन खोल्यांत माझी धाकटी बहीण मरेपर्यंत राहील. पुढची, उजेडाची खोली तिची. पुतण्या म्हणतो, "काकू, तुमच्या माघारी त्यांना आश्रमात ठेवू, करमेल त्यांना." कोणाला करमेल ते मला कळते. त्याने तिला काढले तर घर वाचनालयाला जावे. नाही काढले, तरी तिच्यामागे वाचनालयालाच जावे. तेव्हा त्याने उगाच तसदी घेऊ नये.

४. हे मायेपोटी केले, असा कोणाचा समज नको. धाकटी नाकीडोळी नीटस, मी हाडापेराने मजबूत. आईवडिलांनी वाटणी तशीच केली. तिला शाळा, मला बाराव्या वर्षी छापील कागद दुमडायला या दुकानात. सोळा पानांचा एक फर्मा. त्या फर्म्यांवरूनच मी वाचायला शिकले, गोष्टीचा शेवट आधी आणि सुरुवात आठवड्याने. पुढे याच दुकानात दिली. ती बंगल्यात पडली. आई नऊ वर्षे माझ्याकडे अंथरुणाला खिळून होती. धाकटी दोनदा आली, दोन्ही वेळा खाली गाडी चालू ठेवून.

मग बाईसाहेबांनी आत्मचरित्र लिहिले. छापखान्याला नाते ठाऊक नव्हते, बांधणी आमच्याकडे आली. तिसऱ्या फर्म्यात होते, आईने तिच्या मांडीवर प्राण सोडला. मी तो फर्मा प्रत्येक प्रतीत उलटा शिवला. प्रकाशन समारंभात अध्यक्षांनी नेमके तेच पान वाचायला घेतले आणि पुस्तक गोल फिरवत बसले. हे घरी येऊन एवढेच म्हणाले, "चूक मोठी आहे, पण शिलाई सुरेख."

५. तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने हात वर केले, तेव्हा ती दोन बॅगा घेऊन माझ्या दारात आली. माझ्या भाजीला अजून नाक मुरडते. पण ताप चढला की विचारते, "ताई, आईनं शेवटी माझी आठवण काढली होती का गं?" मी दर वेळी सांगते, आईला शुद्ध नव्हती.

शुद्ध होती. मान मी धरली होती, पाणी मी पाजले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "धाकटे, आलीस का गं? बरं झालं." मी म्हटले, "आले."

ते शब्द धाकटीचे आहेत. तिला वाचून दाखवावेत, पण मी गेल्यावरच. तिचे तोंड उजळलेले बघण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही.

वाचून, समजून सही केली: थोरली
साक्षीदार: समोरचे चष्मेवाले, निवृत्त पोस्टमन (दोघांनाही यातले काही मिळणार नाही, हे सांगूनच बोलावले)
ठिकाण: राहते घर, मागची खोली
मंगळवार, तारीख अकरा, सकाळी